काळा रंग फासलेल्या रेकॉर्डी

रविवार, ९ फेब्रुवारी १९८६

प्लास्टिक भंगाराच्या गाळ्यात नोकरीला लागून आज तीन महिने. एकदाही भांडलो नाही. (परवा ग्राइंडरवाल्या यादवला ढकललं ते धरत नाही. तो हसला होता.)

कॉलेज सोडल्यापासून चौथी नोकरी. आधीच्या तिन्ही भांडून सोडल्या. कॉलेजही तसंच. सर म्हणाले जर्नल कॉपी केलंय, मी त्यांच्यासमोर टराटरा फाडलं. कॉपी केलेलं नव्हतं. आता ते सिद्ध करायला जर्नलही नाही.

मंगलने बसस्टॉपवर सांगून टाकलंय, डबा बगलेत धरून: "एक नोकरी वर्षभर न भांडता टिकव अनंत. मग लग्नाचं बोल. त्याआधी नको." आलेली बस पकडून गेली. मी मागून ओरडलो, वर्ष कधीपासून धरायचं? मी नोव्हेंबरपासून धरतोय.

यापुढे वहीत नुसतं म. लिहीन. आईला वाचता येतं.

मंगळवार, ११ फेब्रु.

आजवर फुटक्या बादल्या दळल्या, खुर्च्या दळल्या, पाइप दळले. आज गोण्या उघडल्या तर ग्रामोफोनच्या रेकॉर्डी! परदेशातून भंगार म्हणून आलेल्या. कव्हरं नाहीत. मधल्या कागदावर काळा रंग फासलेला, कोणी परत विकू नये म्हणून. कोण गातं, कुठल्या देशाचं, काही पत्ता नाही.

माझं काम: रेकॉर्ड भोक पाडायच्या पंचावर ठेवायची, हँडल ओढायचं, मधला कागदाचा गोल उडवायचा. दळलेल्या दाण्याच्या पुढे चपला होतात; त्यात कागद गेला तर चप्पल तडकते. उरलेली कडी यादवच्या ग्राइंडरमध्ये. खर्रर्र. संपलं.

संध्याकाळपर्यंत दंड भरून आला. एक रेकॉर्ड दारातल्या उजेडात धरून बघितली. केसाएवढ्या रेघा. आत कोणीतरी गातंय आणि मी त्याच्या पोटाला भोक पाडतोय.

गुरुवार, १३ फेब्रु.

धीर करून हिरजीशेठला विचारलं, एक घेऊन जाऊ का?

"क्या करेगा?"

"ऐकणार."

शेठ इतका हसला की चष्मा काढून पुसला. "भंगार सुनेगा? अरे यादव, इसकू देख, भंगार सुनेगा!"

मूठ वळली होती. म. आठवली. सोडली.

मग शेठच म्हणाला, "एक ले जा. दूसरे दिन वापस. वापस मतलब वापस. भंगार बोल के आया है, भंगार होना मंगता. कस्टमवाला आया तो उसको क्या तेरा गाना सुनाऊँ?"

म्हणजे रोज एक. संध्याकाळी ऐकायची, सकाळी माझ्याच हाताने पंचावर ठेवायची.

ऐकायची कशावर? घरी बाबांचा ट्रान्झिस्टर, तोही थप्पड मारल्यावर चालतो.

रविवार, १६ फेब्रु.

सोय झाली. आणि कुठे! म.च्या मामाकडे.

भीमरावमामांचं भटवाडीच्या उतारावर लाउडस्पीकरचं दुकान. लग्न, बारसं, पूजा, जयंती, सगळीकडे त्यांचे कर्णे. रेकॉर्ड लावायची थाळी आहे, जुनी, दणकट. मामा माणूस कडक. नियम सांगितला: "मोठी रेकॉर्ड तेहतीसच्या स्पीडवर, छोटी पंचेचाळीसच्या. तुझ्या सगळ्या मोठ्या. म्हणजे बटणाला हात लावायचा नाही."

पहिली रेकॉर्ड लावली. कालची, उद्या परत. नुसत्या घंटा आणि पातेली! पन्नास माणसं पन्नास पितळी भांड्यांवर वाजवतायत, आणि कोणीच कोणाच्या आड येत नाही. मधेच सगळं एकदम थांबतं, मग एकदम सुरू. कोण खूण करतं कळत नाही.

मामा: "कुणाचं लग्न मोडलं रे? रुखवत फेकून मारतायत वाटतं."

म. मामांचा डबा घेऊन आली होती. हसली. मग दाराशीच उभी राहून पूर्ण बाजू ऐकली. "परत लाव," म्हणाली.

परत लाव म्हणाली!!

सोमवार, १७ फेब्रु.

भांड्यांची रेकॉर्ड पंचावर. डोळे मिटून हँडल ओढलं. यादव म्हणाला, उंगली जाएगी.

शनिवार, १ मार्च

दोन आठवड्यांत ऐकलेल्या. नावं मीच ठेवली:

दोन गळ्यांचा: एकच माणूस, खाली घरघर आणि वर शिट्टी, एकाच वेळी. मामा म्हणाले दोघं असतील. मी पैज लावली, एकच. ठरवणार कोण?

पत्र्याचा पाऊस: ढोल, पण प्रत्येक ढोलाचा हिशोब वेगळा. पाय कुठल्या ढोलावर धरायचा ठरवता येत नाही, शेवटी पायच ठरवतो.

मशीनवाला: अर्धा तास एक सूर, फ्रिजसारखा, आणि त्यावर एक बाई कुठल्याशा भाषेत आकडे मोजते. मामांनी कानात बोटं घातली. मला वाटलं गाळ्यात आहे. पण गाळ्यात बसून मी कधी गाळा ऐकलाच नव्हता. आता ऐकतो. ग्राइंडर रिकामा फिरतो तेव्हा त्याचाही सूर आहे. यादवला सांगितलं. तो म्हणाला तू छुट्टी ले.

बाकी आयुष्यभर काय ऐकलं? रेडिओवरची गाणी, गणपतीतली भजनं. जगात एवढं चाललंय आणि मला कोणी सांगितलंच नाही. संताप येतो. आणि आनंदही. एकदमच.

बुधवार, ५ मार्च

भावोजींनी दुबईहून आणलेला टेपरेकॉर्डर मागून आणला. मामांच्या कर्ण्यासमोर स्टुलावर ठेवून भरतो. वायर लावून भरायची सोय नाही, त्यामुळे रेकॉर्डीबरोबर दुकानही भरलं जातं. आजच्या रेकॉर्डीच्या मधे मामा स्पष्ट ऐकू येतात: "अरे तो तांब्या सरकव, सांडंल!"

पण आता सकाळी हँडल ओढताना डोळे मिटत नाही. कॅसेट आहे.

रविवार, २३ मार्च

आजची सगळ्यात मोठी. लिहिताना अजून अंगावर काटा.

नाव ठेवलं: खोल. बायका की पुरुष सांगता येत नाही. विहिरीच्या तळाशी बसून गातात असा आवाज, जाड, संथ. मधे मधे एक टाळी. टाळी आणि टाळीच्या मधे माणूस म्हातारा होईल एवढी जागा. आणि शेवटाकडे सगळे मिळून कण्हतात. हं... हं... हं... कोणीतरी गेलंय. नक्की कोणीतरी गेलंय. त्या दुःखाला भाषा लागत नाही.

मामांनी चेष्टा केली नाही. एवढंच म्हणाले, "मयताचं दिसतंय."

सगळी दोनदा भरून घेतली. एक कॅसेट म.ला दिली. वर लिहिलं: 'खोल. एकटीने ऐक.'

सोमवार, २४ मार्च

'खोल' पंचाखाली. यादवला म्हटलं सगळ्यात शेवटी टाक. टाकली.

शनिवार, २९ मार्च

आई भाकऱ्या करत होती. पाठ माझ्याकडे. सहज विचारल्यासारखं: "त्या मामाच्या दुकानात पाणी-बिणी पितंस काय रे?"

मी टॉवेल उचलला.

बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. पितो. चहा पितो, जेवतो, म.च्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत चाटूनपुसून खातो. हे बोलायला हवं होतं. जर्नल फाडायला आवाज होता.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. मामांचे सगळे कर्णे बाहेर. मी दिवसभर वायरी धरल्या, खांबावर चढलो. म. पांढऱ्या साडीत. तिच्या ऑफिसातल्या दोघी आल्या होत्या. अंधेरीच्या कंपनीत ती फोनच्या बोर्डावर असते, दिवसभर कानाला हेडफोन. मैत्रिणींना माझी ओळख करून दिली: "हा अनंत. मामांकडे येतो." मामांकडे येतो! ठीक आहे. वायरवाला म्हणाली नाही.

'खोल'बद्दल विचारलं. "ऐकतेय अजून," म्हणाली. तीन आठवडे?

गुरुवार, १७ एप्रिल

आज एक तारेचं वाद्य. एकच तार, एकच माणूस, मधेच रडका, मधेच टवाळ. मामांनी सोल्डरिंग खाली ठेवलं. दोनदा लावली. त्यांचे वडील जालन्याकडे एकतारीवर म्हणायचे, ते सांगितलं. इतक्या दिवसांत घरचं पहिल्यांदाच बोलले. मग एकदम: "ही परत देऊ नको रे."

शुक्रवार, १८ एप्रिल

शेठला विचारलं. एक, फक्त एक ठेवू द्या, म्हाताऱ्या माणसाला हवीये.

"आज एक, कल दस. रूल बोले तो रूल."

"शेठ, तुमच्याकडे गोण्याच्या गोण्या पडल्यात."

"तो? दुकान खोलूँ तेरे लिए?" आणि माझ्या हातातून घेऊन स्वतःच पंचावर ठेवली. स्वतःच हँडल ओढलं. भोक वाकडं पडलं.

कानशिलं तापली. शेठची कॉलर हातभर अंतरावर. मी मनात मोजत राहिलो, त्या मशीनवाल्या बाईसारखं, माझ्या भाषेत. शंभरपर्यंत. मग पुढची रेकॉर्ड उचलली.

जिंकलो. कोणाला सांगू?

रविवार, २० एप्रिल

म.ला सांगायला धावत गेलो. दुकानात ती एकटीच, मामा ऑर्डरवर. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "ती खोलची कॅसेट. ती हळू चाललीय."

"म्हणजे?"

"ते लोक श्वास घेतात ना, तो फार लांब आहे. बोर्डावर मी दिवसभर श्वासच ऐकते रे. माणूस बोलायच्या आधी घेतो तो. एवढा लांब कोणी घेत नाही. रेकॉर्ड चुकीच्या स्पीडवर लागली असणार."

मी म्हटलं, मोठी रेकॉर्ड, तेहतीसवरच. मामांना विचार.

"मग मामापण चुकले."

आणि मग मी. काय काय बोललो. तुला काय कळतं. फोन जोडतेस म्हणून संगीत कळतं का. मी इथे शेठच्या लाथा खातो आणि तू माझी चूक शोधतेस. बाहेरच्या पानवाल्यापर्यंत आवाज गेला.

तिने डबा उचलला. "आता वर्ष कधीपासून धरायचं ते तूच ठरव," म्हणाली आणि गेली.

शेठसमोर गिळलं ते सगळं तिच्यावर ओकलो. वाट लागली.

सोमवार, २१ एप्रिल

रेकॉर्ड असती तर एका मिनिटात कळलं असतं. रेकॉर्ड कुठे आहे? कोणाच्यातरी पायात.

मंगळवार, २९ एप्रिल

मामांनी दुकानाच्या पायरीवरच अडवलं. "माझ्या भाचीवर ओरडलास?"

"हो."

"ती चुकीचं बोलली का?"

"माहीत नाही."

"मग आधी माहीत करून घ्यायचं. ओरडायला जन्म पडलाय. माझ्याकडं बघ, ओरडून ओरडून दोन भाऊ तोडले मी." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच: "च्यायला, मोठी बारा इंची पण पंचेचाळीसची काढत असतील का तिकडं?"

रविवार, ४ मे

आज कळलं. सगळं लिहितो.

'खोल'ची एक प्रत मी स्वतःसाठी ठेवली होती. पण कॅसेट जास्त वेगात चालवायची कशी? मामांनी टेपरेकॉर्डर उघडला (भावोजींना कळलं तर मेलो). आत छोटी मोटर, तिच्यावर कप्पी, कप्पीवरून रबरी पट्टा. मामा म्हणाले, कप्पी जाड केली की पट्टा जोरात पळणार. चिकटपट्टीचे वेढे देत गेले. दोन वेढे, लावून बघ. अजून दोन. अजून एक. प्रत्येक वेढ्याला ते लोक विहिरीतून एकेक पायरी वर येत होते.

शेवटच्या वेढ्याला वर आल्या.

मुली! पंधरा-सोळा वर्षांच्या असतील. पटापट टाळ्या, आपल्याकडे मंगळागौरीला पोरी खेळतात तशा. एक म्हणते, बाकीच्या उत्तर देतात, टाळी वाढत जाते, वाढत जाते, शेवटी एकीची चुकते आणि सगळ्या फुटतात. हसून. ज्याला मी दीड महिना कण्हणं म्हणत होतो ते हसणं आहे. कोणीही गेलेलं नाही!

आणि त्या हसण्याच्या मधोमध, त्याच वेगात, चिमणीच्या आवाजात: "मयताचं दिसतंय!"

मामांना स्वतःला ओळखायला क्षण लागला. मग टेबलावर हात आपटून आपटून हसले. डोळ्यांतून पाणी. मी पण. परत लावली. परत चिमणी. मुली बरोबर केल्या की मामा बिघडतात, मामा बरोबर केले की मुली विहिरीत.

पण ती बरोबर होती. नुसत्या श्वासावरून ओळखलं तिने. आणि मी म्हणालो फोन जोडतेस.

बुधवार, ७ मे

आणखी एक गोष्ट, फक्त स्वतःशी. हळू ऐकलेली 'खोल' मला अजून आवडते. चुकून झालेली, पण आहे. मुलींनाही माहीत नाही त्यांच्या आत ती होती.

हे कोणाला सांगणार नाही. म.ला सांगेन. बोलली तर.

रविवार, ११ मे

बोलली.

मामांनी बोलावून घेतलं तिला, काम आहे म्हणून. मग स्वतःच काम आहे म्हणून बाहेर गेले. मी काही न बोलता कॅसेट लावली. ती बोर्डावर बसत असेल तशी बसली, मान थोडी डावीकडे, डोळे मिटून. मामांची चिमणी आली तेव्हा फस्सकन हसली. संपल्यावर म्हणाली, "आता श्वास बरोबर आहे."

"ओरडलो मी."

"ओरडलास."

"चुकलो."

"ते कॅसेटबद्दल की ओरडण्याबद्दल?"

"दोन्ही." आणि शेठचं सगळं सांगितलं, शंभरपर्यंत मोजलं ते. ती म्हणाली, "शंभर? मी कस्टमरसाठी दहापर्यंत मोजते." हळू 'खोल'चंही सांगितलं. हसली नाही. म्हणाली, मी पण दोन्ही ठेवणार.

मग चेहरा बदलला तिचा. "एक विचारू? सरांवर ओरडलास, तीन साहेबांवर ओरडलास, माझ्यावर ओरडलास. तुझ्या आईला माझं नाव माहिताय का रे?"

मी वायर गुंडाळायला लागलो.

"जगाशी भांडतोस. घरात मात्र आवाज फुटत नाही."

मला पाण्याचं आठवलं. तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं. ती बराच वेळ टेपरेकॉर्डरचं झाकण लावत होती, लागत नव्हतं.

"वर्ष-बिर्ष राहू दे," म्हणाली. "पुढच्या रविवारी दुपारी माझ्या आईने चहाला बोलावलंय. तुला आणि तुझ्या आईला. आईला घेऊनच ये अनंत. एकट्याने यायचं असेल तर येऊ नकोस."

"आणि आई नाही म्हणाली तर?"

"तर तसं येऊन सांग. पण विचारलंस, हे मला दिसलं पाहिजे. आणि आईसमोर ओरडायचं नाही हां. तिलाही त्याच घरात राहायचंय."

बुधवार, १४ मे

सांगणार होतो. आईचं डोकं दुखत होतं.

गुरुवार, १५ मे

आज डोकं दुखत नव्हतं. बाबा घरी होते. गिरणी गेल्यापासून ते मुलुंडला वॉचमन आहेत, सुट्टी क्वचित मिळते. सुट्टी खराब का करायची म्हणून नाही सांगितलं.

खोटं लिहिलं. घाबरलो म्हणून नाही सांगितलं.

गाळ्यात रेकॉर्डींची शेवटची गोणी. उद्यापासून परत बादल्या.

शुक्रवार, १६ मे

शेठने आज जाताना हाक मारली. गोणीच्या तळाला उरलेली एक तडकलेली रेकॉर्ड हातात दिली. "ये वापस मत ला. टूटा हुआ है, गिनती में नहीं." तोंड दुसरीकडे. मी नुसतं "शेठ" म्हटलं.

मामांकडे लावली. प्रत्येक फेऱ्याला टक्. टक्. टक्च्या मधे कोणीतरी बासरीसारखं काहीतरी, थंड देशातलं. मामा म्हणाले ताल आयताच मिळालाय.

मामांनी विचारलं नाही, रविवारचं काय. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

रविवार, १८ मे, सकाळ

बाबा ड्यूटीवर. घरात आई आणि मी. ती मोरीत बोंबील साफ करतेय. मला इथून फक्त तिची पाठ आणि कोपर दिसतात.

पंधरा मिनिटं वही घेऊन बसलोय. "मेल्या, सारख्या काय लिवतंस?" म्हणाली. काही नाही म्हटलं.

काय बोलायचं ते इथे लिहून बघितलं, चार ओळी. खोडल्या. लिहिलेलं वाचल्यासारखं होईल. पहिलं वाक्य फक्त ठरवलं: आई, मंगल नावाची मुलगी आहे, मी तिच्याकडचं पाणी पितो. पुढचं आपोआप येईल. आवाज चढला तर मोजेन. दहापर्यंत.

पांढरा शर्ट इस्त्री केलाय. आईची अबोली साडीही काढून खुर्चीवर ठेवली, ती विचारेल कशाला म्हणून. अजून बघितली नाही तिने.

आत्ता म्हटलं. मोठ्याने. "आई, जरा बाहेर ये. बोलायचंय."

"काय झाला रे?" तिच्या आवाजात भीती. पाचवी नोकरी शोधायची असं वाटलं असणार तिला.

"काही वाईट नाही. ये तर."

"हात धुवन येतंय."

नळ चालू आहे. माशाचा वास जाईपर्यंत धुवेल, साबण लावून, दोनदा.

नळ बंद झाला.